तार टेस्ट करायला गेलो आणि न्यूझीलंड लागलं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी हॅम रेडिओवर, म्हणजे लायसन काढून हौसेनं रेडिओवर बोलायच्या छंदावर, लेख आला होता. बरं वाटलं, आमच्या छंदाला पेपरात जागा मिळते कुठे. पण वाचता वाचता परत तेच, किल्लारीचा भूकंप, भूजचा भूकंप, त्सुनामी, मोबाईल बंद पडले की हॅमवाले धावून येतात वगैरे. आता हे खोटं आहे असं मी म्हणत नाही, १९९३ ला किल्लारीत आणि २००१ ला भूजला आमच्यातली माणसं खरंच रात्रंदिवस सेटसमोर बसून निरोप पोचवत होती. पण साहेब, भूकंप काय रोज होतो का? उरलेले सगळे दिवस हा माणूस त्या डब्यासमोर बसून करतो काय, हे कुणी लिहीतच नाही. आमच्या मंडळींना पण हा प्रश्न गेली सत्तावीस वर्षं पडलेला आहे.

तर उत्तर असं की टाइमपास करतो. आणि त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. त्सुनामीचंच घ्या ना. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची टीम पोर्ट ब्लेअरला गेली होती ती काही आपत्ती येणार म्हणून नव्हती गेली. अंदमानवरनं हॅमला बोलायची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती, जगभरातले हॅम अंदमानचा एक कॉन्टॅक्ट मिळावा म्हणून वाट बघत बसलेले, म्हणून ही मंडळी रेडिओ, अँटेना घेऊन तिकडं गेली आणि दिवसभर दुनियेशी बोलत बसली. म्हणजे आमच्या भाषेत टाइमपासच. आणि २६ तारखेला सकाळी समुद्र आत आला. बाकीचे संपर्क तुटलेले आणि यांचा सेट मात्र चालू, मग त्याच सेटवरनं लोकांच्या खुशालीचे निरोप मेनलँडला गेले. तो डबा तिथं होता कारण कुणीतरी हौसेनं नेला होता, एवढंच मला म्हणायचंय.

असो. मी पत्र लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणासाठी, आणि शेवटी तुमच्या वाचकांकडे एक मागणं पण आहे, पण आधी झालं काय ते सांगतो.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार. दिवाळी आठ-नऊ दिवसांवर आलेली, त्यामुळे घरात साफसफाई जोरात. माळ्यावरनं माझा खोका खाली आला. त्यात वायरींची भेंडोळी, जुने ट्रान्झिस्टर, एक मोडकी मोर्स की (म्हणजे तारेसारखा कडकट्ट संदेश पाठवायचं बटण) असलं सगळं सामान, आणि वरनं ऑर्डर की हे आज भंगारात गेलं पाहिजे. आता भंगारात द्यायला जीव होत नाही हो. त्यात घर बांधताना उरलेली चांगली तांब्याची वायर होती पाच-सहा मीटर, म्हणलं हिचं काहीतरी करून दाखवलं म्हणजे खोका वाचला. २८ मेगाहर्ट्झच्या बँडला, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याला, डायपोल अँटेना करायला दोन्ही बाजूला अडीच-अडीच मीटर तार पुरते, सगळी मिळून पाच मीटर. मधोमध कापली, कोॲक्स केबल सोल्डर केली, एक टोक टेरेसवरच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीला आणि दुसरं कपडे वाळत घालायच्या बांबूला. खाली आलो, एसडब्ल्यूआर बघितला (म्हणजे अँटेना पॉवर किती परत फेकते त्याचं माप, जितकं एकाच्या जवळ तितकं चांगलं), दीडच्या आत. नशीबच म्हणायचं, कारण सोसायटीचे सेक्रेटरी साहेब मागच्या वेळी मी वर टेप घेऊन तार मोजत होतो तेव्हा अर्धा तास शेजारी उभे होते, की हे नक्की कुणाला काय पाठवताय तुम्ही.

हा २८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे दहा मीटरचा बँड मोठा लहरी आहे. वर्षानुवर्षं मेल्यासारखा पडून असतो. सूर्यावर डाग वाढले की जागा होतो, आणि ते डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात. त्याच आठवड्यात नासानं जाहीर केलं होतं की सूर्य आता त्याच्या जोराच्या टप्प्यात पोचलाय. बातमी वाचली होती मी, पण खरं सांगतो, मनात काही नव्हतं. तार चालते का नाही एवढंच बघायचं होतं. पॉवर ५० वॅटला ठेवली, म्हणजे आपला छताचा पंखा खातो त्याच्यापेक्षा कमी. घड्याळात नऊ चाळीस. २८.४ च्या आसपास जागा रिकामी दिसली, ही फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का म्हणून दोनदा विचारलं, कुणी नाही, मग सीक्यू सीक्यू करून कॉलसाईन म्हणलं. (कॉलसाईन म्हणजे लायसनवर मिळालेलं स्टेशनचं नाव, ते इथं देत नाही, लोक त्यावरनं पत्ता काढून घरी येतात, अनुभव आहे.) सीक्यू म्हणजे कुणीही या आणि माझ्याशी बोला. म्हणजे चौकात उभं राहून डोळे मिटून हाक मारल्यासारखं.

पहिल्या हाकेला नुसतीच खरखर. दुसऱ्या हाकेला पण. कोयंबतूरचा नाहीतर गेला बाजार मस्कतचा कुणीतरी येईल असं वाटत होतं. तिसऱ्यांदा बोलून स्विच सोडला आणि इतका स्वच्छ आवाज आला की मला वाटलं गावातलंच कुणीतरी चेष्टा करतंय. म्हातारा आवाज, सावकाश, शब्द थोडे चावून बोलणारा. झेडएल फोर आणि पुढची अक्षरं. झेडएल म्हणजे न्यूझीलंड! त्यातही फोर म्हणजे अगदी खालचा भाग, ओटागो, साउथलंड. मी हेडफोन काढून परत घातला. त्यानं फाईव्ह नाईन रिपोर्ट दिला, म्हणजे तुमचा आवाज ठणठणीत येतोय. मी पण त्याला फाईव्ह नाईनच दिला आणि हात थरथरत असल्यामुळे लॉगबुकात वेळ चुकीची लिहिली, ती नंतर खोडून नीट केली.

आता हिशोब बघा. सांगलीपासून त्याचं गाव बारा हजार किलोमीटरला थोडंसं कमी भरतं. पृथ्वी गोल, लहर निघते सरळ, मग ती तिकडं जाणार कशी? तर वर अडीचशे-तीनशे किलोमीटरवर जो विद्युतभारित हवेचा थर आहे त्याला आपटून खाली येते, समुद्रावर आपटून परत वर जाते, असं चार-पाच उड्यांत पोचते. शाळेत असताना तळ्यावर चपटा दगड मारून भाकऱ्या काढायचो तसंच, फक्त इथं तळं वर पण आहे आणि खाली पण. आणि एवढं सगळं एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. आमच्याकडं सकाळ, त्याच्याकडं संध्याकाळचे पाच दहा झालेले, तिकडं घड्याळ आपल्यापेक्षा तेव्हा साडेसात तास पुढं. मधला सगळा रस्ता उजेडातला, म्हणून हा बँड चालला. पाच मीटर तार, बांबूवर, शेजारी आमच्या वहिनींचं बेडशीट वाळत होतं.

साधारण सात मिनिटं बोललो आम्ही. असल्या कॉन्टॅक्टमध्ये लोक दहा सेकंदात रिपोर्ट देऊन सुटतात, पण हा माणूस निवांत होता. सांगली त्याला स्पेलिंग करून सांगितलं, सिएरा, अल्फा, नोव्हेंबर, गोल्फ, लिमा, इंडिया. तुमचं गाव कशासाठी प्रसिद्ध म्हणाला. म्हणलं हळद. तर हसायलाच लागला, म्हणाला आमच्याकडं आता कॅफेत हळद घालून दूध मिळतं आणि त्याचे केवढे पैसे घेतात. मी म्हणलं इथं ते सर्दी झाल्यावर आई जबरदस्तीनं पाजते. माझं इंग्रजी काही फार भारी नाही, पण रेडिओवर कसं असतं, दोघांनाही गरज असते त्यामुळे चालून जातं. शिवाय राजकारण, धर्म, धंदा यातलं काही बोलायचं नाही असा लायसनचा नियमच आहे. देशात असली जागा आता हीच एक उरली असावी.

मग तो म्हणाला, तू शंभर वर्षं झाली म्हणून मुद्दाम हाक मारतोयस का? मला काही कळालं नाही. तर तो सांगायला लागला, की परवाच, १८ ऑक्टोबरला, शंभर वर्षं झाली, आमच्या इथनं गाडीनं थोडं पुढं शॅग व्हॅली म्हणून मेंढ्यांचं फार्म आहे, शॅग म्हणजे पाणकावळा, तिथल्या एका माणसानं सगळ्यात पहिल्यांदा इंग्लंडशी रेडिओवर बोलणं केलं होतं, आणि समोर कोण होतं माहितीय का, लंडनचा एक शाळकरी पोरगा. आणि तो पोरगा नंतर तुमच्या...

आणि बँड गेला.

हॅमवाल्यांनाच हे दुःख कळेल. आवाज एकदम खोल विहिरीत जातो, थोडासा वर येतो, परत जातो. जुन्या लोकांनी रेडिओ सिलोन असाच ऐकलाय, गाणं ऐन रंगात आलं की दर्याला ओहोटी लागल्यासारखं सगळं आत आत जायचं. मला शेवटचा शब्द लागला तो "दिल्ली". मी ओरडतोय, परत सांगा, परत सांगा. आमचे साडूभाऊ हॉलमध्ये आलेले, ते आत डोकावून म्हणाले कुणाशी भांडताय. तिकडनं काही नाही. दहा वाजले, सव्वादहा झाले, मी तसाच खुर्चीत. शेवटी सेव्हन्टी थ्री, म्हणजे आमचा रामराम, तो पण राहून गेला.

आता शाळकरी पोरगा, लंडन, दिल्ली. झोप लागेना. रात्री शोधत बसलो आणि जे हाताला लागलं ते वाचून थक्क झालो, कारण रेडिओत सत्तावीस वर्षं घालवून मला हे माहीत नव्हतं.

तो फार्मवरचा माणूस म्हणजे फ्रँक बेल. पहिल्या महायुद्धातनं तब्येत बिघडून घरी परत आलेला, मग शेतीवर बसून वायरलेसचा नाद लागला. आणि इकडं लंडनच्या मिल हिल शाळेत सेसिल गॉयडर नावाचा पोरगा, वय १८. शाळेतच त्याचं स्टेशन, कॉलसाईन टू एसझेड. १८ ऑक्टोबर १९२४ ला लंडनमध्ये सकाळ उजाडत होती, तिकडं दिवस मावळत होता, आणि या दोघांनी मोर्समध्ये एकमेकांना उत्तर दिलं. अंतर एकोणीस हजार किलोमीटर. आता पृथ्वीवर कुठूनही कुठंही जा, जास्तीत जास्त वीस हजार होतात. म्हणजे याच्यापुढं जायला जागाच नव्हती, अजून पुढं गेलं तर माणूस परत घराकडंच यायला लागतो.

मला यातलं जास्त आवडलेलं वेगळंच आहे. त्या काळी मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारं लांब लहरींच्या मागं लागलेली, लहर जितकी लांब तितकी ती दूर जाणार असं सगळे मोठे लोक धरून चाललेले, त्यासाठी डोंगराएवढे टॉवर आणि कारखान्याएवढी पॉवर. आखूड लहरी म्हणजे २०० मीटरच्या खालच्या, त्या काही कामाच्या नाहीत म्हणून अमेरिकेनं १९१२ च्या कायद्यात हौशी लोकांना देऊन टाकल्या होत्या. घ्या, खेळा. ओसाड माळ कुळाला द्यावा तशा. आणि त्याच माळावर पाणी लागलं. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधला लिओन डेलॉय आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल अटलांटिकच्या आरपार बोलले, आणि वर्षभरात या पोरानं डायरेक्ट पृथ्वीचं दुसरं टोक गाठलं. बरं, वर असला विद्युतभारित थर आहे असा अंदाज केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ ला बांधला होता, पण तो खरंच आहे हे ॲपलटन यांनी प्रयोग करून दाखवलं ते डिसेंबर १९२४ ला! म्हणजे मिल हिलच्या पोरानं असल्या थराला आपटून न्यूझीलंड गाठलं, आणि असला थर खरंच असतो हे विज्ञानाच्या वहीत दोन महिन्यांनी चढलं. ॲपलटनना पुढं १९४७ चं नोबेल मिळालं, ते योग्यच आहे. पोराला शाळेत काय मिळालं देव जाणे, बहुतेक उशिरा आला म्हणून बोलणी.

आणि बेलसाहेबांचं काय? ते शेतीकडं वळले आणि स्टेशन त्यांच्या बहिणीनं घेतलं, ब्रेंडा बेल. न्यूझीलंडमधली पहिली बाई हॅम ती. १९२७ मध्ये तिनं न्यूझीलंडमधनं साऊथ आफ्रिकेशी पहिला कॉन्टॅक्ट केला. भावाचं नाव सगळीकडं येतं, बहिणीचं एखाद्या ओळीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

याचा आपल्याशी काय संबंध असं कुणी विचारेल. तर १९२७ मध्येच आपल्या पुण्याजवळ खडकीला ट्रान्समीटर आणि दौंडला रिसीव्हर बसवून मार्कोनीच्या पद्धतीनं इंग्लंडशी थेट शॉर्टवेव्ह, म्हणजे आखूड लहरींची, तारसेवा सुरू झाली. दौंडला गाडी बदलताना आपण वडापाव खातो, तिथं लंडनचे संदेश उतरत होते. पोरांनी तीन वर्षांपूर्वी ज्या लहरी खेळता खेळता चालवून दाखवल्या त्याच ह्या. खडकीत किंवा दौंडात त्याची एखादी पाटी कुणी बघितली असेल तर मला कळवा, मला तरी आजपर्यंत दिसली नाही.

आणि आता तो "दिल्ली". सेसिल गॉयडर हा शाळकरी पोरगा मोठा होऊन १९३६ साली भारतात आला आणि ऑल इंडिया रेडिओचा चीफ इंजिनिअर झाला!! नाव पण त्याच वर्षी ऑल इंडिया रेडिओ झालेलं, वर कंट्रोलर लायनेल फील्डन. एवढा मोठा देश, सरकारनं दिलेले पैसे थोडे. मीडियम वेव्हनं देश झाकायचा तर ट्रान्समीटर किती लागणार, आणि एकेक स्टेशन शहराच्या आसपास ऐकू येऊन थांबणार, शिवाय आपल्याकडच्या पावसाळी विजांची खरखर. गॉयडरचं म्हणणं पडलं की शॉर्टवेव्ह लावा, आवाज थोडा वरखाली होईल पण निदान सगळ्या देशाला काहीतरी ऐकू तरी येईल. आणि १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता अशी शॉर्टवेव्हची ट्रान्समीटरं उभी राहिली. वाचल्यावर मी थांबलोच. हा हट्ट त्या माणसाचाच असणार ना, ज्यानं अठराव्या वर्षी स्वतःच्या कानानं न्यूझीलंड ऐकलंय. दुसऱ्या कुणाला शॉर्टवेव्हवर एवढा भरवसा बसला असता का, मला शंका आहे.

आमच्या आजोबांच्या गावात, वाळवा तालुक्यात, एकच रेडिओ होता, पाटलांच्या वाड्यात. आजोबा सांगायचे की लढाईच्या बातम्या ऐकायला लोक चावडीपर्यंत उभे राहायचे. त्यात ऐकलेलं काय मीडियम वेव्ह, काय शॉर्टवेव्ह, आता कोण सांगणार. पण मुंबई-दिल्लीचं इतक्या लांब खेड्यात येत असेल तर बहुतेक शॉर्टवेव्हच, म्हणजे गॉयडरचीच कृपा.

अजून एक गंमत, जरा आडवळण आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४२ ला उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत लपूनछपून काँग्रेस रेडिओ चालवला तो ४२.३४ मीटरवर. ३०० ला ४२.३४ नं भागा, ७.०९ च्या आसपास मेगाहर्ट्झ येतं. आमचा चाळीस मीटरचा बँड आज ७ पासून ७.२ पर्यंत आहे, म्हणजे आम्ही लोक रोज सकाळी जिथं नेटवर (इंटरनेट नव्हे, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळे जमतो ते) "आज हवा कशी आहे, चहा झाला का" करतो, बरोबर तिथंच ती २२ वर्षांची मुलगी जीव मुठीत धरून बोलत होती. लढाई लागल्यावर सरकारनं हॅम लोकांची लायसन बंद केलेली, सेट काढून घेतलेले. आणि सरकारी रेडिओचा चीफ इंजिनिअर तेव्हा कोण? गॉयडरच. एकेकाळी शाळेत बसून हौसेनं आखूड लहरींवर हाका मारणारा. त्याला त्या वेळी मनातनं काय वाटलं असेल, हे मला फार विचारावंसं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला की न्यूझीलंड दिसतं पण, ऐकू पण येतं. लागतं की. माझी भाची आहे ऑकलंडला, आठवड्यातनं दोनदा तिचं बाळ बघतो. पण तिथं मला माहीत असतं फोन कुणाला लावलाय. इथं मी हाक मारली ती कुणालाच नाही, आणि उत्तर दिलं ते पाणकावळ्यांच्या दरीशेजारच्या म्हाताऱ्यानं, आणि त्यानं मला माझ्याच देशाच्या रेडिओची गोष्ट अर्धी सांगून सोडून दिलं. भाचीला मी फोन करून गॉयडर विचारला असता तर ती म्हणाली असती मामा जेवलास का.

एक तक्रार पण नोंदवतो, पत्र लिहायला बसलोच आहे तर. त्या रविवारी बँड एवढा स्वच्छ होता कारण दिवाळीच्या माळा अजून लागायच्या होत्या. वसुबारसेपासनं बिल्डिंगवर त्या स्वस्तातल्या एलईडी माळा चढल्या आणि माझ्या रिसीव्हरवर सगळा बँड मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्या माळांच्या ॲडॉप्टरमध्ये फिल्टर नावाची चार-पाच रुपयांची वस्तू घालायची असते, ती कुणी घालत नाही. तेच स्वस्तातल्या बल्बचं, तेच काही इन्व्हर्टरचं. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हला लावा आणि बल्बजवळ न्या, आकाशवाणी ऐकू येते का बघा. लोक म्हणतात आजकाल रेडिओ लागतच नाही. अहो लागतो, घरातलाच बल्ब त्याच्यावर ओरडतोय. माळा लावू नका असं मी म्हणत नाही, सणाला कोण नको म्हणेल, पण विकत घेताना दुकानदाराला एकदा विचारा तरी.

बरं, मूळ मुद्दा. जानेवारीत पोस्टमन पाकीट देऊन गेला, वर पक्ष्याचं चित्र असलेलं न्यूझीलंडचं तिकीट. आत क्यूएसएल कार्ड, म्हणजे आमच्या कॉन्टॅक्टची पोचपावती. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, रिपोर्ट, सगळं बरोबर. (माझी खाडाखोड केलेली वेळ त्याच्याशी जुळली तेव्हा जीव भांड्यात पडला.) आणि मागं निळ्या पेननं थरथरत्या अक्षरात लिहिलेलं, की शेवटचं तुम्हाला ऐकू आलं का? त्या मुलाचं भारतात पुढं काय झालं, तिकडं कुणाला त्याची आठवण आहे का?

हे वाचल्यापासनं मी बेचैन आहे. कार्ड तर मी उलट पाठवणारच, सांगलीच्या गणपती मंदिराचं चित्र असलेलं छापून घेतलंय. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर काय लिहू? पुस्तकी चार ओळी त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. गॉयडर इथं दहा वर्षं होता. तो काही एकट्यानं ट्रान्समीटर उभे करत नव्हता, त्याच्या हाताखाली आपलीच माणसं असणार. मुंबई केंद्रावर त्या काळात इंजिनिअर, टेक्निशियन, मेकॅनिक, फिटर, मास्ट उभा करणारे रिगर, स्टोअरकीपर, टायपिस्ट, कितीतरी मराठी लोक कामाला असतील. त्यांची नातवंडं आज डोंबिवलीत नाहीतर दादरला तुमचा पेपर वाचत असतील.

म्हणून मागणं असं, की कुणाच्या आजोबा-पणजोबांनी १९३६ ते १९४६ च्या दरम्यान मुंबईच्या किंवा दिल्लीच्या रेडिओत काम केलं असेल, आणि घरात एखादा ग्रुप फोटो, नेमणुकीचं पत्र, डायरी, किंवा नुसती "गॉयडरसाहेब असा होता" म्हणून सांगितलेली एखादी आठवण असेल, तर ती कृपया तुमच्या पेपरकडं पाठवावी. साहेब कडक होता, चांगला होता, चहा कसला प्यायचा, काहीही चालेल. शिव्या दिल्या असतील तर त्या पण चालतील, मी इंग्रजीत बसवून लिहीन. खडकी-दौंडच्या तारसेवेत कुणाचे आजोबा असतील तर त्यांनी पण लिहावं, ते मला स्वतःला पाहिजे. फोटो मूळ पाठवू नये, मोबाईलवर काढून पाठवला तरी पुरे, जुन्या वस्तू टपालात हरवतात.

माझा पत्ता आणि नंबर तुमच्या कचेरीत दिलेला आहे, तो छापू नये ही विनंती.

तार अजून टाकीच्या शिडीला तशीच आहे, खोका पण परत माळ्यावर गेला. दर रविवारी साडेनऊला मी २८.४ च्या आसपास बसतो, म्हातारा परत लागतो का बघायला. अजून लागला नाही. मागच्या रविवारी इंडोनेशिया लागलं, जावाचा एक शाळामास्तर, त्याला सांगली म्हणलं तर तो म्हणाला हळदीला आमच्याकडं कुनयित म्हणतात.

आपला,
एक जुना वाचक आणि हॅम,
सांगली